आजारी मुलाला खरे सांगता यावे

(आपल्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी १३ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवारच्या उपासनेनंतर झालेल्या मदतनीस मेळाव्यात केलेले भाषण.)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल वाचते. धान्य किती लागले, किती मुले नवीन आली, छपराचे काम कुठवर आले, हे सांगते. या वर्षी तो अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे. माझी वेळ मी एकाच विषयासाठी मागून घेतली आहे. तो विषय म्हणजे परीक्षा.

तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेलच. राज्य मंडळाने या वर्षी बारावीची लेखी परीक्षा ४ मार्चपासून आणि दहावीची १५ मार्चपासून घ्यायचे जाहीर केले आहे. परीक्षा ऑनलाइन नाही. मुलांनी वर्गात बसून, हाताने उत्तरपत्रिका लिहायची आहे. जानेवारीच्या अखेरीस मोठ्या शहरांतले काही विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि परीक्षा ऑनलाइन घ्या किंवा रद्द करा, अशी त्यांनी मागणी केली. तुमच्यापैकीही काही जणांनी मला फोन करून विचारले, की मॅडम, ही लाट अजून पुरती ओसरलेली नाही, मग मुलांना एका खोलीत बसवण्याचा हट्ट कशासाठी? प्रश्न प्रेमापोटी आला होता. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे म्हणून मी उभी आहे.

आधी ही मुले कोण आहेत ते आठवू या. या वर्षी दहावीला बसणारी तुकडी मार्च २०२० मध्ये आठवीत होती. त्या वर्षी वार्षिक परीक्षा झालीच नाही. नववीचे वर्ष बहुतेक घरीच गेले. शाळा मध्ये काही आठवडे उघडल्या आणि दुसरी लाट आली तशा पुन्हा बंद झाल्या. ग्रामीण भागातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून नीट सुरू झाल्या, तर या जानेवारीत पुन्हा दोन आठवडे खंड पडला. म्हणजे ज्यांनी आजवर एकही तीन तासांचा पेपर लिहिलेला नाही, अशी ही मुले आहेत. शहरातल्या मुलाने या दोन वर्षांत निदान मोबाइलवर शिक्षकांचा चेहरा पाहिला. आपल्या मुलांच्या पाड्यांवर रेंज मिळवायला डोंगराची धार चढावी लागते. घरात एक फोन असला, तरी तो वडिलांबरोबर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेला असतो. ऑनलाइन परीक्षा म्हणजे आपल्या मुलांसाठी परीक्षा नाहीच, हे तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

मग रद्द केली तर? गेल्या वर्षी तेच झाले. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि नववीचे गुण व दहावीचे अंतर्गत गुण मिळून निकाल लागला. निकाल होता ९९.९५ टक्के. त्या वेळच्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, आणि मी त्या निर्णयाला नावे ठेवत नाही. पण आपल्या मुलांच्या बाबतीत त्याचा अर्थ काय झाला ते पाहा. नववीचे गुण ज्या वर्षाचे धरले, त्या वर्षीही शेवटची परीक्षा झाली नव्हती. ज्या मुलाने दहावीत जीव तोडून अभ्यास केला, त्याला ते दाखवायला जागाच उरली नाही. सगळेच पास झाले, तेव्हा पुढे आयटीआय, नर्सिंग किंवा अकरावीच्या दारात निवड कशावरून करायची हा प्रश्न उभा राहिला. ज्याच्या घरात विचारपूस करायला, अर्ज भरायला आणि चार ठिकाणी फेऱ्या मारायला कोणी आहे, त्याचे त्यात निभावले. आपल्या मुलांच्या घरी असे कोणी नसते.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला ते मूल कोणत्या पाड्याचे, कोणत्या जमातीचे, त्याचे आईवडील सही करतात की अंगठा देतात, हे कळत नाही. आमच्या मुलांना कोणाच्याही शिफारशीशिवाय मिळणारा हा एकच कागद आहे. डॉ. राजेंद्र भारूड हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातला हा मुलगा. जन्माआधीच वडील गेले, आईने वाढवले. पुढे डॉक्टर झाला, मग जिल्हाधिकारी होऊन नंदुरबारलाच आला. प्रत्येक पायरीवर त्याच्यासाठी दार उघडले ते परीक्षेने. परीक्षा ही काही देवाने दिलेली वस्तू नव्हे. तिच्यात पुष्कळ दोष आहेत. पण ती काढून घेतली, तर तिच्या जागी जे येते ते गरिबाला आणखी महाग पडते.

एवढे बोलून मी थांबले असते, तर माझे बोलणे अर्धवट राहिले असते. कारण आपल्याच मंडळीतल्या एका बहिणीने मला उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारले, की परीक्षा जिवापेक्षा मोठी आहे का? तिचे यजमान गेल्या एप्रिलमध्ये गेले. तिला असे विचारण्याचा हक्क आहे. मी तिला म्हटले, नाही ताई, मोठी नाही. एका मुलाचा, किंवा त्या मुलाच्या आजीचा जीव सगळ्या गुणपत्रिकांपेक्षा मोठा आहे. म्हणूनच परीक्षा घ्यायची की नाही, एवढ्यावर थांबून आपले भागणार नाही. ती कशी घ्यायची हे आपण बसून, हिशेब मांडून ठरवले पाहिजे. "देव बघून घेईल" असे म्हणून मोकळे होणे हा विश्वास नाही, तो आळस आहे.

हे काम आपणच पहिल्यांदा करत आहोत असे नाही. इतरांनी ते करून पाहिले आहे. केरळात मार्च २०२० मध्ये परीक्षा अर्ध्यावर थांबली. ती त्यांनी त्याच वर्षी २६ ते ३० मे या दिवसांत पूर्ण केली. दहावी, अकरावी, बारावी मिळून सुमारे १३ लाख विद्यार्थी होते. अग्निशमन दलाने शाळा निर्जंतुक केल्या, दारात ताप मोजला, मास्क सक्तीचा केला, एका खोलीत २० च विद्यार्थी बसवले. टाळेबंदीमुळे जी मुले दुसऱ्या जिल्ह्यात अडकली होती, त्यांना जवळचे केंद्र निवडायची मुभा दिली. पुढच्या महिन्यात, २५ जूनपासून, कर्नाटकाने दहावीची परीक्षा घेतली. शेजारच्या तमिळनाडू आणि तेलंगणाने ती रद्द केली होती. कर्नाटकात सुमारे साडेआठ लाख मुलांची नोंदणी होती. परीक्षेच्या त्या दिवसांत तीसपेक्षा जास्त मुले बाधित आढळली. हा आकडा मी झाकून ठेवत नाही. धोका शून्यावर येत नाही, तो कमी करता येतो. पण कर्नाटकाने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. आजारामुळे ज्याला बसता येणार नाही, त्याने पुरवणी परीक्षा दिली तरी ती त्याची पहिलीच परीक्षा धरली जाईल, असे आधीच सांगून टाकले होते.

तिसरे उदाहरण दूरचे आहे. दक्षिण कोरियात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा वर्षातून एकदाच होते, आणि त्या दिवशी सारा देश श्वास रोखून बसतो म्हणतात. २०२० मध्ये ती दोन आठवडे पुढे ढकलून ३ डिसेंबरला घेतली. जवळजवळ पाच लाख मुलांनी नावे नोंदवली होती. त्यांनी तीन प्रकारची व्यवस्था केली. निरोगी मुलांसाठी नेहमीची केंद्रे, विलगीकरणात असलेल्यांसाठी वेगळी केंद्रे, आणि बाधित मुलांसाठी थेट रुग्णालयात परीक्षा. त्या दिवशी सकाळी ताप आला तर त्याच केंद्रात वेगळी खोली. म्हणजे कोणत्याही मुलाला ताप लपवायचे कारणच ठेवले नाही.

बंधुभगिनींनो, या तिन्ही ठिकाणच्या अनुभवातून मला जे कळले ते हे. मास्क, साबण आणि अंतर यांची गरज आहेच. पण सर्वांत धोक्याची गोष्ट असते ती मुलाच्या मनातली भीती. "मी ताप आहे म्हणालो तर माझे वर्ष जाईल" ही ती भीती. आमच्या मुलांच्या बाबतीत ती दुप्पट असते. वर्ष गेले तर मुलगा बार्डोलीला मजुरीला जातो, मुलीचे लग्न ठरते. हे त्यांना ठाऊक असते. असे मूल पॅरासिटामॉलची गोळी गिळेल, तोंडावर पाणी मारेल, दारातल्या तापमापकासमोर हसत उभे राहील आणि आत जाऊन बसेल. त्यात त्याचा दोष नाही. आपण त्याला खरे बोलायची सोय करून दिली नाही, हा दोष मोठ्यांचा. म्हणून मी म्हणते, ज्या परीक्षेत आजारी मुलाला न घाबरता खरे सांगता येते, तीच सुरक्षित परीक्षा.

आता आपली तयारी सांगते.

मंडळाने या वर्षी काही चांगले निर्णय घेतले आहेत. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला आहे. मुलांचा लिहिण्याचा सराव मोडला आहे म्हणून ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला १५ मिनिटे जास्त दिली आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'शाळा तेथे केंद्र'. मुले आपापल्याच शाळेत पेपर देतील. शहरातल्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल. आपल्याला ती तशी वाटायला नको. एरवी आमची मुले पेपरच्या दिवशी पहाटे उठून काळी-पिवळीने तालुक्याच्या केंद्रावर जात असत. त्या जीपमध्ये माणसे कशी कोंबलेली असतात हे ज्याने घाटात एकदा प्रवास केला आहे त्याला ठाऊक आहे. खोलीत २० मुले अंतरावर बसवायची आणि तिथपर्यंत त्यांना एकमेकांच्या मांडीवर बसवून न्यायचे, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. या वर्षी वसतिगृहापासून शाळेपर्यंत मुले चालत जातील. ही मोठी कृपा आहे.

पण परीक्षेचे तीन तास हा दिवसाचा लहानसा भाग असतो. उरलेले एकवीस तास आपल्या हातात आहेत, आणि वसतिगृहाची खरी कसोटी तिथेच आहे. हा आजार हवेतून पसरतो. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने गेल्या मे महिन्यात साध्या भाषेत सांगितले होते, की शिंतोडे दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण सूक्ष्म कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. चुलीचा धूर बंद घरात कसा कोंडतो आणि दार उघडले की कसा निघून जातो, हे आमच्या मुलांना शिकवावे लागत नाही. मी त्यांना एवढेच सांगितले, की श्वास हाही धूरच समजा, फक्त तो दिसत नाही. तेव्हापासून रात्री खिडकी कोणी लावत नाही. थंडी वाजते म्हणून लावलीच, तर दुसरे मूल उठून उघडते.

दहावी-बारावीची मुले आम्ही आताच लहान मुलांपासून वेगळ्या खोल्यांत ठेवली आहेत. दोन अंथरुणांत अंतर ठेवले आहे, आणि एकाचे डोके जिथे तिथे शेजारच्याचे पाय अशी रचना केली आहे. जेवण व्हरांड्यात, तीन पंगतींत. जेवताना मास्क काढावाच लागतो, म्हणून तेव्हा बोलायचे नाही, एवढा नियम. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे आणि पहारेकरी दादांचे लसीचे दोन्ही डोस झाले आहेत. अभ्यासाचा तास झाडाखाली असतो. प्रत्येक मुलाची पाण्याची बाटली, पेन, पट्टी, कंपास त्याच्या नावाची. परीक्षेच्या खोलीत एकमेकांची वस्तू मागावी लागू नये, हा त्यातला हेतू.

लसीबद्दल एक हिशेब सांगते. १५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी लस ३ जानेवारीपासून सुरू झाली. त्यांना कोव्हॅक्सिन देतात, आणि दोन डोसांत २८ दिवसांचे अंतर लागते. ज्या मुलाने अजून पहिला डोस घेतलेला नाही, त्याने आज घेतला तरी दुसऱ्याची तारीख १३ मार्च येते. दहावीचा पहिला पेपर १५ मार्चला आहे. म्हणजे आता एक दिवसही घालवता येत नाही. आपल्या बहुतेक मुलांचा पहिला डोस झाला आहे. काहींच्या आईवडिलांच्या मनात शंका आहे. लस घेतल्यावर मूल होत नाही, ताप येऊन माणूस मरतो, अशा गोष्टी पाड्यांवर फिरल्या. त्यांना मी रागावले नाही आणि कोणी रागावूही नये. आशाताई पावरी बोलते, ती आमच्यासोबत आली, चुलीपाशी बसून बोलली, तिने स्वतःच्या मुलाला लस दिल्याचे सांगितले. दोन घरे तयार झाली. उरलेल्या घरांसाठी प्रार्थना करा.

सुट्टीचाही विचार करायला हवा. १७ मार्चला होळी आहे. सातपुड्यात होळी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आधीचा आठवडा भोंगऱ्या बाजारांचा, आणि मग काठीची राजवाडी होळी. बाहेर कामाला गेलेले सगळे लोक त्या दिवसांत गावी येतात. आपल्या वसतिगृहातली सगळी मुले ख्रिस्ती नाहीत, आणि जी आहेत त्यांचेही काका-मामा त्या गर्दीत असतात. मुलांना घरी जावेसे वाटणारच. पण परीक्षा १५ ला सुरू होते. होळीच्या गर्दीत जाऊन परत आलेले एक मूल पुढच्या पेपरच्या दिवशी सगळ्या खोलीला आजार देऊ शकते. म्हणून आम्ही पालकांची बैठक घेऊन विनंती केली, की या वर्षी दहावी-बारावीच्या मुलांना होळीला नेऊ नका. जबरदस्ती केली नाही. ज्याला न्यायचेच आहे त्याने न्यावे, पण मग परीक्षा संपेपर्यंत मूल गावाहूनच किंवा शाळेजवळच्या नातेवाइकाकडून ये-जा करील. एका आजोबांनी विचारले, की मग आमची होळी मुलांशिवाय कशी होणार? त्यावर दुसऱ्या पालकांनीच उत्तर दिले, की शेवटचा पेपर झाला की मुलांसाठी पुन्हा ढोल वाजवू. ठरले.

आता जी गोष्ट मी मुख्य म्हटली तिच्याकडे येते. वसतिगृहाच्या मागची एक खोली आम्ही रिकामी केली आहे. स्वच्छ चुना लावला आहे, दोन खाटा आहेत, खिडकी समोरासमोर आहे. ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि गरम पाण्याची सोय आहे. मुलांनी तिला "आजाराची खोली" म्हणायला सुरुवात केली होती. मी म्हटले, नको, "विसाव्याची खोली" म्हणा. नावाने फरक पडतो. शिक्षा म्हणून तिथे कोणालाही पाठवायचे नाही. त्या खोलीतल्या मुलाला सर्वांत आधी जेवण मिळेल, त्याची वही-पुस्तके तिथे येतील, आणि शिक्षक खिडकीबाहेर बसून त्याला शिकवतील.

रोज सकाळी प्रार्थनेआधी मुलांशी एकेकट्याने बोलायचे ठरवले आहे. सगळ्यांसमोर "कोणाला ताप आहे?" असे विचारले तर हात वर होत नाही. एकटे विचारले तर मूल सांगते. तापमापक सगळे पकडत नाही. ज्याला ताप नाही पण आजार आहे असेही मूल असते. घसा खवखवतो का, अंग दुखते का, वास येतो का, हे प्रेमाने विचारल्याशिवाय कळत नाही. लक्षणे दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात चाचणी. शाळेत वेगळ्या खोलीची व्यवस्था होईल का, हे केंद्र संचालकांशी पेपरच्या आधीच बोलून ठेवायचे आहे. मुख्याध्यापकांशी पहिले बोलणे झाले आहे, आणि त्यांचे मन अनुकूल आहे.

आणि ज्या मुलाला बसताच येणार नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी मी या वसतिगृहाच्या वतीने एक वचन दिले आहे. ते वचन तुमच्याही वतीने आहे, म्हणून तुम्हाला सांगणे भाग आहे. मंडळाची पुरवणी परीक्षा असते. जो आजारामुळे मार्चमध्ये राहील, त्याची जागा वसतिगृहात पुरवणी परीक्षेपर्यंत कायम राहील. त्याचे जेवण, त्याचे पुस्तक, त्याचा अभ्यास, परीक्षेचा अर्ज, सगळे आपण बघू. त्याला उन्हाळ्यात मजुरीला जावे लागणार नाही, आणि मुलगी असली तर तिच्या आईवडिलांशी बोलायला आम्ही स्वतः जाऊ. हे मी मुलांना सांगितले तेव्हा खोलीत बराच वेळ शांतता होती. मग बारावीची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे खरे सांगितले तरी चालेल?" म्हटले, खरे सांगितले तरच चालेल.

पवित्र शास्त्रात नहेम्याचे पुस्तक आहे. यरुशलेमची भिंत पडलेली होती आणि शत्रू भोवती होते. धोका आहे म्हणून नहेम्याने बांधकाम थांबवले नाही. आणि काम देवाचे आहे म्हणून धोक्याकडे डोळेझाकही केली नाही. लोकांनी एका हाताने काम केले आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरले, रात्री पहारा दिला. त्याच पुस्तकात तिसऱ्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे. आपण ती वाचताना कंटाळून पुढे जातो. पण तीत पुन्हा पुन्हा हेच येते, की अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला. सगळ्यांनी सगळीकडे धावायचे नव्हते. ज्याने त्याने आपल्या दारासमोरचा तुकडा नीट उभारला आणि भिंत पूर्ण झाली. या वर्षीचे 'शाळा तेथे केंद्र' ऐकले तेव्हा मला तोच अध्याय आठवला. आपल्या दारासमोरचा तुकडा आपल्याला बांधायचा आहे.

आपल्याच जिल्ह्याने हे करून दाखवले आहे. मघाशी नाव घेतले त्या भारूड साहेबांनी २०२० मध्येच, पुढे लागेल म्हणून, नंदुरबारमध्ये ऑक्सिजनचे प्रकल्प उभे करायला घेतले. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे ऑक्सिजनसाठी धावत होती तेव्हा हा आदिवासी जिल्हा उभा राहिला. रेलू वसावे या अंगणवाडी ताईने टाळेबंदीत नर्मदेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरची बाळे आणि गरोदर बायका यांच्यापर्यंत पोषण आहार नेला. गर्दीची भीती वाटून लोक अंगणवाडीत येत नव्हते, म्हणून ती त्यांच्याकडे गेली. दोघांनीही संकट टळण्याची वाट पाहिली नाही.

शेवटी तुमच्याकडे मागणे आहे, आणि ते नेमके सांगते.

पहिले, प्रत्येक परीक्षार्थी मुलाला चार कापडी मास्क हवेत, म्हणजे एक धुवायला, एक वाळत, दोन वापरात. महिला मंडळाने शिवून दिले तर उत्तम. नाकावर नीट बसतील असे शिवा, रंगापेक्षा ते महत्त्वाचे. दुसरे, निवृत्त शिक्षकांनी वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यासारखे जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पाठवू नयेत. त्यांनी मुलांनी लिहिलेले सराव पेपर टपालाने घेऊन तपासून परत पाठवावेत. मुलांचा हात दोन वर्षांत मंदावला आहे, त्यांना तीन तास लिहायची सवय लावायची आहे. तिसरे, पुरवणी परीक्षेपर्यंत जी मुले थांबतील त्यांच्या उन्हाळ्याच्या खर्चासाठी वेगळा निधी ठेवायचा आहे. कदाचित एकही मूल थांबणार नाही. तसे झाले तर तो निधी पुढच्या वर्षाच्या वह्यांना जाईल, आणि आपण देवाचे आभार मानू. चौथे मागणे ऐकायला कठोर वाटेल. ४ मार्चपासून ४ एप्रिलपर्यंत, परीक्षा संपेपर्यंत, कृपा करून वसतिगृहाला भेट देऊ नका. केक, खाऊ, शुभेच्छा, सगळे दारात ठेवा. तुमचे प्रेम आम्हाला माहीत आहे. ते या महिन्यात दुरूनच पोहोचू द्या.

आणि प्रार्थनेत नावे घ्या. ती छापू नका, व्हॉट्सअॅपवरही टाकू नका. देवाला मात्र सांगा. पेपर चांगला जावा म्हणून प्रार्थना करालच. त्याच्या आधी ही एक करा, की ज्या सकाळी एखाद्या मुलाला अंगात कणकण वाटेल, त्या सकाळी त्याला ती लपवावीशी वाटू नये, आणि त्याने दार वाजवले तर ते उघडायला आपल्यापैकी कोणीतरी जागे असावे.

परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.